बेथेल : जालन्याच्या शिवारातला शेतीचा एक प्रयोग

महाराष्ट्रातील कृषिशिक्षणाचा इतिहास लिहिताना अभ्यासक बहुधा पुण्यापासून आरंभ करतात, आणि सरकारी संस्थांपुरते पाहिले तर त्यात गैर काही नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८७९ मध्ये शेतीचा वर्ग निघाला, नागपुरात १८८८ मध्ये कृषिशाळा सुरू झाली, आणि त्याआधी मद्रासजवळच्या सैदापेठ येथील सरकारी शेतावर १८७६ मध्ये शेतीची शाळा भरू लागली होती. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्यामुळे या मालिकेत त्याचे नाव फार उशिरा येते. परभणीचे मुख्य प्रायोगिक शेत १९१८ मध्ये स्थापन झाले, तेथपासून या विभागाच्या शास्त्रीय शेतीची कथा सांगण्याची रीत आहे. या रीतीमुळे जालन्याजवळच्या बेथेल नावाच्या गावाची हकिकत कृषी-इतिहासाच्या बाहेरच राहिली, आणि ज्यांनी तिची दखल घेतली त्यांनी ती केवळ धर्मांतराच्या इतिहासाचे एक पान म्हणून घेतली. वास्तविक १८७० च्या आसपास उभे राहिलेले हे गाव म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जमिनीपासून दूर ठेवलेल्या माणसांच्या हाती शिवार, औत आणि अक्षर ही तिन्ही एकाच वेळी देण्याचा प्रयत्न होता, आणि मराठवाड्यातील शेतीच्या शिक्षणाचा विचार करताना त्याला आरंभीचे स्थान द्यावे लागते.

या प्रयोगाची जागा समजून घेण्यासाठी त्या काळचे जालना डोळ्यांपुढे आणले पाहिजे. कुंडलिका नदीच्या काठचे हे गाव व्यापारपेठ म्हणून जुने आहे. एका तीरावर जालना आणि समोरच्या तीरावर कादराबाद अशी त्याची दुहेरी वस्ती. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण तेथील बाजाराच्या भरभराटीवरून पडली. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात, असईच्या लढाईच्या थोडे आधी, कर्नल स्टीव्हन्सनने येथील किल्ला घेतला, आणि पुढे १८२७ च्या सुमारास गावाच्या पूर्वेला हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेल्या परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालच्या फौजेची, छावणी वसली. छावणीमुळे इंग्रजी अंमलाशी, टपालाशी आणि मुंबईकडील मिशनऱ्यांशी जालन्याचा संबंध आला. संस्थानाच्या इतर भागांत तो इतक्या लवकर येणे शक्य नव्हते. सभोवतालचा प्रदेश काळ्या कसदार जमिनीचा, मधूनमधून बरड आणि मुरमाड पट्ट्यांचा होता. खरिपात ज्वारी, बाजरी, कापूस आणि तूर, रब्बीत शाळू, गहू, हरभरा, करडई आणि जवस ही येथील पिके असत, आणि विहिरीवर मोट चालवता आली तर बागायतीचा एखादा तुकडा साधे.

बेथेलचे संस्थापक नारायण शेषाद्री हे परळीकर घराण्यातले ब्राह्मण. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत असताना तेथील मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्या सहवासात त्यांचे विचार बदलले आणि १८४३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. तो अल्पवयीन असल्यामुळे प्रकरण मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढे गेले आणि न्यायालयाने मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. मिशनऱ्यांच्या घरी अन्नोदक घेतलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे काय, या प्रश्नावर मुंबई-पुण्याच्या ब्राह्मण समाजात जो वाद पेटला, त्यात ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी श्रीपतची बाजू घेतली आणि त्यापायी सनातन्यांचा रोष पत्करला. मराठी वाचकाला शेषाद्री हे नाव आठवते ते बहुतेक या प्रकरणामुळे, आणि तेही धाकट्या भावाचे. थोरला भाऊ पुढे पाळक झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्यास येऊन त्याने आयुष्याची उरलेली वर्षे एका वेगळ्याच समाजात घालवली, ही गोष्ट त्या वादाच्या धुरळ्यात दिसेनाशी झाली.

तो समाज म्हणजे मातंगांचा. तत्कालीन कागदपत्रांत त्याचा उल्लेख मांग असा येतो. शेषाद्रींच्या उपदेशाला जालना भागात मोठा प्रतिसाद मिळाला तो या लोकांतून. गावगाड्यात मातंगांचे स्थान बलुतेदाराचे होते, म्हणजे गावाला ठरावीक सेवा पुरवायची आणि हंगामाला कुणब्याच्या खळ्यावरून धान्याचा ठरलेला वाटा न्यायचा, असा त्यांचा निर्वाह होता. अंबाडी, घायपात अशा तंतूंपासून दोर वळणे हे त्यांचे मुख्य काम होते, आणि शेतीचा एकही व्यवहार त्यांच्या दोराशिवाय पुरा होत नसे : मोटेचा जाड नाडा आणि बारीक सोल, बैलांचे कासरे, दावी, गाडीवरचा माल आवळण्याची चऱ्हाटे, हे सारे त्यांच्याच हातचे. असे असूनही ज्या शेतात हा दोर राबे त्या शेतावर त्यांचा हक्क नसे, गावविहिरीवर पाणी भरण्याची मुभा नसे, आणि वस्ती गावकुसाबाहेर असे. या स्थितीची वेदना त्याच समाजातील एका मुलीने लिहून ठेवली आहे. जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला होता. म्हणजे शेषाद्री जालन्यात काम करू लागले त्या पिढीत हा प्रश्न मराठीत शब्दरूपाने मांडला गेलेला होता.

दीक्षा घेतलेल्या मातंग कुटुंबापुढे लगेच उभी राहणारी अडचण पोटाची असे, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. बलुते ही गावाने एकमेकांत बांधलेली व्यवस्था असल्यामुळे, देवळाच्या आणि जत्रेच्या ठरलेल्या कामांतून जो बाहेर पडला त्याचा खळ्यावरचा वाटाही संकटात येई. अशा माणसाला मिशनने नोकर म्हणून ठेवले तर तो कायमचा मिशनवर अवलंबून राही. मजुरीला सोडले तर ज्या गावाने त्याला दूर केले त्याच गावाच्या दारी त्याला जावे लागे. तिसरा मार्ग जमिनीचा होता, आणि शेषाद्रींनी तो धरला. या निवडीतच बेथेलचे ऐतिहासिक महत्त्व आहे, कारण त्या काळी हिंदुस्थानातील बहुतेक मिशनांचा भर शाळा, छापखाना आणि दवाखाना यांवर होता. ख्रिस्ती शेतकऱ्यांची स्वतंत्र गावे वसवण्याचे प्रयत्न मोजकेच झाले होते.

जमीन मिळाली ती हैदराबादचे दिवाण पहिले सर सालारजंग यांच्याकडून. मीर तुराब अली खान हे त्यांचे नाव. १८५३ पासून १८८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत संस्थानाचा कारभार त्यांच्या हाती होता. त्यांच्याआधी महसूल वसूल करण्याचे काम मक्त्याने दिले जाई, म्हणजे जो अधिक रक्कम कबूल करी त्याला तालुका सोपवला जाई आणि त्याने रयतेकडून किती काढले याची विचारपूस होत नसे. सालारजंगांनी ही मक्तेदारी मोडत आणली, १८६५ मध्ये ‘जिलाबंदी’ करून संस्थानाची जिल्ह्यांत आखणी केली, पगारी तालुकदार नेमले आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मराठवाड्यात जमिनीची मोजणी व साराबंदी सुरू करविली. असा कारभारी असताना पडीक राहिलेली जमीन लागवडीखाली आणू पाहणाऱ्या माणसाला ती सवलतीने देणे राज्याच्या हिताचेच होते, आणि धर्माने मुसलमान असलेल्या दिवाणाने ब्राह्मण कुळात जन्मलेल्या ख्रिस्ती पाळकाला मातंगांच्या वस्तीसाठी ती दिली, यात त्या राजवटीच्या उदारतेचाही अंश होता हे मान्य करायला हवे. जालन्यापासून थोड्या मैलांवर सुमारे ८०० एकरांचे हे क्षेत्र होते आणि आरंभीची वर्षे त्याला साऱ्याची माफी होती. गावाला शेषाद्रींनी बायबलमधले बेथेल, म्हणजे देवाचे घर, हे नाव दिले.

गावाच्या रचनेत चर्च, शाळा, अनाथ मुलांचे वसतिस्थान, कारागिरीचे शिक्षण आणि शेतजमीन ही एकाच सीमेत आली. नेमका अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र असलेली कृषिशाळा, या आजच्या अर्थाने बेथेलकडे पाहणे चुकीचे ठरेल. तेथे शेतीचे शिक्षण वेगळ्या खोलीत दिले जात नव्हते. तरीही ते शिक्षण नव्हते असे म्हणणे तितकेच चुकीचे आहे. कोरडवाहू मराठवाड्यात नव्याने शेती करू लागलेल्या कुटुंबाला किती गोष्टी आत्मसात कराव्या लागतात याचा विचार केला की हे पटते. दोर वळणाऱ्याला शेताची कामे दिसत आलेली असतात, मजुरीने त्यांतली काही त्याने केलेलीही असतात, परंतु शेती म्हणजे केवळ कामे नव्हेत, ते निर्णयांचे शास्त्र आहे : काळ्या रानात वाफसा, म्हणजे नांगर-वखराला योग्य असा ओलावा, कधी आला हे ओळखणे, मृगाच्या पावसावर तिफण धरायची की आणखी एका सरीची वाट पाहायची हे ठरवणे, ज्वारीनंतर कोणत्या तुकड्यात तूर किंवा हरभरा घ्यावा, बियाण्यासाठी कोणती कणसे राखावीत, चारा किती साठवावा, बैल आजारी पडला तर हंगाम कसा काढावा. कुणब्याच्या घरात हे ज्ञान बापाकडून मुलाकडे न बोलता जाते. ज्या घरात आजपर्यंत शेतच नव्हते तेथे ते कोठून येणार, हा प्रश्न बेथेलला रोजचा होता, आणि त्याचे उत्तर सामूहिक देखरेखीखाली प्रत्यक्ष पीक काढण्यातूनच मिळणे शक्य होते.

ज्ञानाइतकीच अडचण भांडवलाची असे. जमीन मिळाली तरी बैलजोडी, अवजारे, बियाणे आणि सुगी येईपर्यंतचे धान्य लागते. हे नसेल तर पहिल्याच वर्षी सावकाराचे दार गाठावे लागते आणि दोन-तीन हंगामांत जमीन असूनही माणूस सालगडी होतो, म्हणजे वर्षाच्या करारावर दुसऱ्याच्या शेतात राबणारा गडी. सुपीक जमीन हाती असलेल्या कुणब्यांचीही हीच दशा झाल्याचे १८७५ च्या पुणे-नगर भागातील सावकारविरोधी दंग्यांनी दाखवून दिले होते. बेथेलमध्ये मिशन मधल्या जामिनासारखे उभे होते, आणि या आधारामुळेच भूमिहीनांची शेती पहिल्या टप्प्यावर तगू शकली, असा निष्कर्ष काढणे योग्य ठरेल. त्याचा खर्च बाहेरून आला. शेषाद्री १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या, म्हणजे निरनिराळ्या प्रोटेस्टंट पंथांच्या संयुक्त मंडळाच्या, परिषदेस गेले. पागोटे घातलेला हा मराठी पाळक तेथील श्रोत्यांच्या कुतूहलाचा विषय झाला, आणि स्कॉटलंड व अमेरिकेतील सभांतून त्यांनी जालन्याच्या कामासाठी सहानुभूती आणि निधी मिळवला. दख्खनच्या पडीक रानात नांगर चालावा म्हणून एका मराठी माणसाने अटलांटिकपलीकडे जाऊन लोकांची मने वळवावीत, ही त्या काळच्या मानाने असामान्य गोष्ट होती.

बेथेल वसल्यानंतरच्या दशकांत देशी आणि सरकारी अशा दोन्ही वर्तुळांत शेतीच्या शिक्षणाची चर्चा वाढत गेली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन उद्ध्वस्त केल्यावर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये प्रांतोप्रांती शेतकी खाती उभारण्याची शिफारस केली. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्यांच्या मुलांना विद्या आणि शेतीचे सुधारलेले ज्ञान देण्याचा आग्रह धरला, पाणी अडवण्यासाठी ताली-बंधारे घालण्याची मागणी केली, आणि शेतकऱ्याच्या पोराला शाळा परकी का वाटते याचीही मीमांसा केली. पुढे मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने १९१० च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील लोणी येथे मराठी माध्यमाची शेतकी शाळा काढली. शेतकऱ्यांच्या मुलांना वसतिगृहात ठेवून अर्धा वेळ वर्गात आणि अर्धा वेळ शाळेच्या शेतावर शिकवायचे, अशी तिची पद्धत होती. ‘लोणी पद्धत’ या नावाने ती कृषिशिक्षणाच्या चर्चेत रूढ झाली आणि तिच्या धर्तीवर इतरत्रही शाळा निघाल्या. मात्र लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात या पद्धतीपेक्षा, सर्वसाधारण शाळेतच शेती हा विषय जोडणाऱ्या पंजाबच्या पद्धतीला पसंती दिली. लोणीसारख्या शाळा खर्चिक होत्या, आणि शिकून बाहेर पडलेल्या मुलांचा ओढा स्वतःच्या रानाकडे वळण्याऐवजी सरकारी नोकरीकडे राही, ही त्यांच्याविषयीची तक्रार होती.

लोणी आणि बेथेल यांची तुलना येथे उद्बोधक आहे. लोणीच्या शाळेला सरकारचे तज्ज्ञ, निवडक बियाणे आणि सुधारलेली अवजारे लाभली. त्या दृष्टीने बेथेल तिच्यापुढे काहीच नव्हते. पण लोणीत येणारा मुलगा जमीन असलेल्या घरातला असे आणि शिक्षण हे त्याला जमिनीपासून सुटण्याचे साधन वाटे, तर बेथेलच्या मुलाला शिक्षण आणि जमीन या दोन्ही गोष्टी प्रथमच मिळत होत्या, आणि त्या एकत्र मिळत होत्या. आधी जमिनीवर पाय रोवायला जागा आणि त्यासोबत विद्या, हा बेथेलचा क्रम होता. सरकारी कृषिशिक्षणाने हा क्रम कधीच स्वीकारला नाही. ज्याच्याकडे शेत नाही त्याला शेती शिकवून काय उपयोग, असे गृहीत धरूनच त्याच्या योजना आखल्या गेल्या, आणि त्यामुळे ग्रामीण समाजाचा मोठा श्रमिक वर्ग कृषिशाळांच्या दाराबाहेर राहिला. मिशनरी क्षेत्रातच पुढे सांगलीच्या औद्योगिक आणि शेतकी शाळेचे जॉन गोहीन यांनी गावोगाव हिंडणारी ‘फिरती शाळा’ चालवली आणि वर्ग सोडून थेट खेड्याच्या चावडीपर्यंत शेतीचे ज्ञान नेले. तिचे मोल मोठे आहे, पण तीही जमिनीच्या मालकीच्या प्रश्नाला हात घालणारी नव्हती.

बेथेलच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. मुख्य मर्यादा अशी की सारा डोलारा एका माणसाच्या शब्दावर, प्रवासावर आणि ओळखींवर उभा होता. १८९१ मध्ये शेषाद्री निवर्तल्यावर त्या तोलाचा दुसरा माणूस बेथेलला मिळाला नाही. दुसरी मर्यादा या प्रकारच्या सर्वच ख्रिस्ती वसाहतींची होती, आणि खुद्द मिशनऱ्यांतही तिच्यावर वाद झाला : स्वतंत्र गावात राहिल्याने माणसाला जाच चुकतो, मान मिळतो, परंतु आसपासच्या खेड्यांशी त्याचे नाते तुटते, आणि त्याचे सुधारलेले पीक किंवा साक्षरता शेजारच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पाझरत नाही. परिसरही बदलत गेला. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग जालन्यास पोहोचला आणि पेठेतला कापूस गाडीने थेट बंदराकडे जाऊ लागला. त्याच वेळी ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणून लोकांच्या स्मरणात राहिलेल्या १८९९-१९०० च्या अवर्षणाने मराठवाड्याची गुरे आणि माणसे होरपळून काढली. १९०३ मध्ये कंटिंजंटची फौज हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली आणि जालन्याच्या छावणीचे महत्त्व संपले. स्कॉटलंडमध्येही चर्चचे संघटन बदलले. १९०० आणि १९२९ अशा दोन टप्प्यांत तेथील मंडळ्यांचे एकीकरण झाले, आणि येथील मिशनच्या मंडळ्या अखेरीस १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. या स्थित्यंतरांत जालन्याच्या मिशनचे दवाखान्याचे आणि शाळांचे काम लोकांच्या लक्षात राहिले, शेतीच्या प्रयोगाची आठवण मात्र क्षीण होत गेली.

सरकारी प्रवाह दरम्यान वेगळ्या वाटेने पुढे गेला. परभणीच्या १९१८ च्या शेतावर संशोधन वाढले, १९५६ मध्ये तेथे कृषी महाविद्यालय निघाले आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. आजच्या जालना जिल्ह्यात, जो १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला, बदनापूरच्या संशोधन केंद्राने कडधान्यांवर केलेले काम साऱ्या कोरडवाहू महाराष्ट्राला उपयोगी पडले आहे. तेथे निघालेले तुरीचे बीडीएन मालिकेतले वाण, त्यातही कमी पावसात साधणारा बीडीएन-७११, शेतकऱ्यांच्या बोलण्यात नेहमी येतात. भूमिहीनांच्या जमिनीचा प्रश्न मात्र विद्यापीठांच्या आवारात सुटणारा नव्हता. तो पुढे आला तो दलित चळवळीतून : मराठवाड्यात १९५३ मध्ये आणि त्यानंतर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ मध्ये झालेल्या सत्याग्रहांनी पडीक आणि गायरान जमिनी, म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेली सार्वजनिक राने, कसणाऱ्या भूमिहीनांच्या नावे करण्याची मागणी केली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने १९९१ मध्ये घेतला, आणि त्या निर्णयाची अंमलबजावणी अनेक कुटुंबांसाठी अजून अपुरी आहे.

बेथेलचा प्रयोग धर्मप्रसाराच्या हेतूने झाला हे खरे, आणि ते झाकण्याचे कारण नाही. परंतु मराठवाड्यात मातंग कुटुंबांना संघटितपणे शेतकरी करण्याचा तो पहिल्या प्रयत्नांपैकी एक होता हेही तितकेच खरे आहे. जालना आणि बदनापूर येथील महाविद्यालयांच्या अभ्यासकांनी स्कॉटिश मिशनची वार्षिक वृत्ते, हैदराबादच्या दिवाणी दप्तरातील जमिनीचे कागद आणि बेथेलच्या जुन्या घरांतील वृद्धांच्या आठवणी एकत्र जुळवून या गावाचा कृषी-इतिहास सविस्तर लिहावा. त्या आठवणी सांगणारी पिढी हयात आहे तोवर हे काम हाती घेतले पाहिजे.